डाळिंबाची कूस

फरगाना खोऱ्यात हिवाळ्यात डाळिंबाचं झाड उघडं राहिलं, तर वसंतात ते चुलीत घालायच्याच कामाचं. म्हणून पानझड झाली की फांद्या वाकवून जमिनीला टेकवायच्या आणि वर माती लोटायची. सनोबर खाला या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून हे काम तिनं कुणाच्या हाती दिलं नव्हतं. मदतीला शेजारी येत, पण वाकवायला तीच.

यंदा जर्दाळूला लावलेल्या शिडीवरून पडून तिचा गुडघा गेला. मुलगा रशियात कामाला. उद्यापासून कडाक्याची थंडी, असं टीव्हीवर सांगत होते. तेव्हा सून ओयसुलूव फावडं घेऊन उतरली, शेजारचा एगमबेर्दी, सगळ्यांचा अका म्हणजे दादा, घरच्यांना घेऊन आला, आणि खाला द्राक्षाच्या मांडवाखालच्या लाकडी बाजेवर चहाची किटली घेऊन बसली.

"खाला, आज राणीसारख्या बसा," अका म्हणाला. "फक्त हुकूम सोडा."

"हुकूम ऐकणारा इथं कोण आहे?"

दुपारपर्यंत सगळी झुडपं मातीखाली गेली. राहिलं भिंतीजवळचं, खालाच्या नवऱ्यानं मुलाच्या जन्माच्या वेळी लावलेलं. त्याचे बुंधे मनगटाहून जाड. खालाचा चहा गार झाला. ते यंदाही जगायला हवं, एवढंच तिच्या मनात होतं.

इतर झुडपांसारखंच ओयसुलूवनं तेही दक्षिणेकडे रेटलं. अकानं जोर लावला. कडाड् आवाज आला.

"सोडा, सोडा ते," खाला काठी टेकत लंगडत आली. एका बुंध्याची साल उभी फाटली होती. तिनं त्यावर बोट फिरवलं. आतलं लाकूड धड होतं.

सून रडकुंडीला आली. "आई, मी बाकीच्यांसारखंच केलं."

"बाकीची दक्षिणेच्या कुशीवर झोपतात. हे उत्तरेच्या. पूर्वी दक्षिणेकडून पाट जायचा, म्हणून ह्यांनी तसं कलतं लावलं. पहिल्यापासून त्याच कुशीवर निजलंय. आता म्हातारपणी कूस बदलेल का?"

"मग हे आधी सांगायचं नाही का, खाला?" अका म्हणाला. "आमच्या घरी तर कुठलं झाड कुठल्या कुशीवर निजतं, हे बकऱ्यांनासुद्धा ठाऊक असतं."

सांगायचं खालाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. जे आपण रोज करतो ते सांगायचं असतं, हे कुठं कळतं?

तिनं डोक्याचा जुना रुमाल फाडून फाटलेल्या बुंध्याला घट्ट बांधला. "सूनबाई, आधी उत्तरेची माती मोकळी कर. हां. आता हातानं रेटू नकोस. पाठ लाव आणि हळूहळू बस. झाड कुरकुरलं की थांबायचं, गप्प झालं की पुन्हा बसायचं."

ओयसुलूव बसली, थांबली, पुन्हा बसली. झाड कुरकुरत जमिनीला टेकलं. अकानं भराभर माती लोटली.

"तुमच्या सुनेचं वजन कामाला आलं," तो म्हणाला.

"रोज तुमच्याच घरचा पुलाव खाते ना, अका," ओयसुलूवनं हात झटकले. मग सासूकडे वळून हळूच विचारलं, "आई, अजून काय काय सांगायचं राहिलंय?"

खालानं तिच्या खांद्यावर हात टाकला. दोघी कोपऱ्यातल्या अंजिराच्या झाडाकडे निघाल्या. पुलाव निवतोय म्हणून अका दोनदा ओरडला, पण त्या अजून बागेच्या पहिल्याच कोपऱ्यात होत्या.