काट्यावरचा दहावी पास

"शिक्षण किती?"

"धाव्वी," समोरचा पोरगा म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

युसूफ वडगाव या गावचा मन्मथ. मी साखर कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो आणि काट्यासाठी हंगामी क्लार्क हवा होता. काटा म्हणजे उसाच्या गाड्या तोलायची जागा. हंगामी म्हणजे गाळप संपलं की घरी. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायचं गणित घातलं, तर त्यानं माझ्याआधी उत्तर सांगितलं. हा नुसता दहावी नाही हे मला कळलं, पण मी खोलात शिरलो नाही. ग्रॅज्युएट घ्यायचे नाहीत, असं एमडी साहेबांनी बजावलं होतं. ते म्हणे परमनंट करा म्हणून मागे लागतात. पेपरात तेव्हा रोज नव्या परदेशी कंपन्यांच्या बातम्या यायच्या. त्यातली एकही केज तालुक्यात फिरकली नव्हती.

मन्मथ रुजू झाला. काम चोख. थोड्याच दिवसांत त्याचे वडील पेढे घेऊन आले. गावात त्यांचं किराणा दुकान, सगळे अप्पा म्हणायचे. कपाळावर भस्म, अंगात नवा सदरा. मी एमडींच्या केबिनमध्ये होतो, तर ते सरळ आतच आले.

"साहेब, आमच्या घरातला पयला बीएस्सी हाय ह्यो. फस्ट क्लास! तुमी त्याच्या शिक्षणाचं चीज केलं बघा."

एमडींनी हातातला पेढा खाली ठेवला आणि मन्मथला बोलावलं.

"अप्पा, तुमी हितं कावून आलात?" एवढंच तो बोलला. घरी त्यानं खरं सांगितलंच नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार?

"साहेब, पोरगा हुशार आहे," मी म्हणालो.

"हुशार आहे म्हणूनच खोटं बोलला. असा माणूस काट्यावर बसवला तर शेतकरी आपल्या वजनावर विश्वास ठेवतील? आजच मोकळा करा."

बोलणं बिनतोड होतं. मला संताप आला तो त्याचाच.

बाहेर अप्पांनी माझा हात धरला. "साहेब, बीएस्सी कमी पडली का?"

"जास्त झाली, अप्पा."

त्यांना ते समजलं नाही, आणि मलाही समजावता आलं नाही. मन्मथ गेटबाहेर पडला होता. वडिलांसाठी तो थांबला नाही.

त्याच्या जागी खरोखरचा दहावी पास आला. गणित यथातथाच, पण कुणाची तक्रार नव्हती. तेव्हापासून नवा माणूस घेतला, की कामाच्या वेळा सांगून झाल्यावर मी त्याला आणखी एक गोष्ट बजावायचो : घरच्यांना कारखान्यावर येऊ देऊ नका.