रुमालावरचा हिरवा थेंब

चूक माझी होती. रंगातलं मला सगळं कळतं, या तोऱ्यात मी ती केली.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी वीसेक वर्षं सूत रंगवतो. ओलं पांढरं फडकं घासून रंग पक्का की कच्चा ते मी सांगतो आणि मालक ते मानतात. मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या पित्ताच्या नळीला फुगवटा असल्याचं निघालं. ऑपरेशन दुर्बिणीतून, चार बारीक छिद्रं पाडून करायचं ठरलं. लहान मुलांच्या सर्जन मॅडम म्हणाल्या, "आदल्या संध्याकाळी शिरेतून हिरवा रंग देऊ. तो लिव्हरमधून पित्तात उतरतो. मग आमच्या कॅमेऱ्याच्या खास उजेडात नळी चमकते. कुठं कापायचं, कुठं नाही, ते नीट दिसतं."

"नंतर निघतो का तो?"

"शौचावाटे जातो निघून."

"घरी धुऊन बघतो," म्हणत मी खिशातला रुमाल पुढे केला. आधीच्या पेशंटच्या सिरिंजमध्ये उरलेला एक थेंब त्यांनी हसत त्यावर टाकला.

भवानी पेठेतल्या घरी मी तो रुमाल सोडा टाकून उकळला, तीनदा साबण लावला. हिरवट डाग उरलाच. दुसऱ्या दिवशी तो मी मॅडमच्या टेबलावर पसरला.

"अहो, कापड आणि लिव्हर एक कसं?"

"मॅडम, रंगाचं मला नका सांगू."

"सक्ती नाही. रंगाशिवायही करते मी. पण असता तर बरं झालं असतं."

मी नकाराच्या कागदावर सही केली. बायको तेव्हा वॉर्डात मुलीला पेज भरवत होती. तिला मी काहीच बोललो नाही.

ऑपरेशन सुरू होऊन दोन तास झाले आणि मॅडम बाहेर आल्या. "आत सगळं चिकटलंय. नळी ओळखू येत नाही. पोट उघडावं लागेल."

"मग आता द्या ना तो रंग."

"तो काही तास आधी द्यावा लागतो," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मुलगी बरी झाली. पोटावर उजव्या बाजूला वीतभर व्रण राहिला. घरी सोडताना मॅडम म्हणाल्या, "रंग दिला असता तरी कदाचित उघडावं लागलं असतं. नक्की सांगता येत नाही." ते 'कदाचित' मला स्वस्थ बसू देत नाही. रंगाच्या टाकीपाशी उभा असलो की तेच, जेवायला बसलो की तेच. बायको मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "दुर्बीण दुर्बीण म्हणाली, आणि फाडून ठेवली पोरगी." मी मान खाली घालून चहा प्यायचो. चार वर्षं प्यायलो.

परवा आमच्या कारखान्यातला मोहोळचा एक कामगार घरी आला. त्याच्या लेकीलाही हाच त्रास निघालाय आणि त्याच मॅडमकडे पाठवलंय.

"वहिनी, डॉक्टरीणबाई कशी हाय? लई भ्या वाटतंय."

"तिच्याकडं अजिबात नेऊ नका," बायको म्हणाली.

"व्हय? मग कुटं न्यावं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मुलगी दारात पुस्तक घेऊन बसली होती. मी कप खाली ठेवला.

"तिथंच ने," मी म्हणालो. "त्यांनी रंग देऊ का विचारलं होतं. लिव्हरमधून तो निघून जातो म्हणाल्या, पण रुमालावरचा थेंब धुऊन निघेना, म्हणून मी नको अशी सही केली."

बायको माझ्याकडे वळली. "आणि मी इतकी वर्षं त्या बाईला शिव्या घालतेय. तुमी बसून ऐकत होता व्हय?"

"रंगारी माणूस तुमी," तो कामगार चाचरत म्हणाला, "तुमाला भ्या वाटलं आसंल."

"भीती नव्हती रे. घमेंड होती."

मुलीने पुस्तक मिटलं. "रुमालाला लिव्हर असतं का, पप्पा?" मग ती म्हणाली, "मॅडमना सांगितलंत का?"

"नाही."

"मग सांगा की. मी येते."

सोमवारी आम्ही सगळे गेलो. तो कामगार लेकीला कडेवर घेऊन उभा होता. मॅडमनी मला ओळखलं, बसा म्हणाल्या. मला बसवेना. आधी त्याला म्हणालो, "मॅडम सांगतील तिथं सही कर." मग नखांतला निळा रंग खरवडत त्यांच्याकडे वळलो.

"मॅडम, चार वर्षं माझ्या घरात तुमच्या नावानं वाईट बोललं गेलं. खरं मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो. चुकलं माझं. माफ करा." मग शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. "तूही माफ कर गं. तुझ्या पोटाचा निर्णय मी रुमालावर घेतला."