लाजरी पाणकोंबडी

पाणकोंबड्या वाचवण्यासाठी मी रस्त्याच्या कडेला एक बोर्ड लावला आणि तो वाचून लोक जेवायला आले.

बोर्डावरचा मजकूर माझाच. रंगाऱ्यानं रंगवून आणल्यावर चार पावलं मागे सरून, मान तिरकी करून, "वा, झकास!" असं म्हणालो तेही मीच. शाळेत मी मराठी शिकवत असे. शब्द जपून वापरावेत, असं मुलांना सांगायचा मला पगार मिळत होता.

तेव्हा कोल्हापूर हळूहळू गावाबाहेर सरकायला लागलं होतं. उसाच्या एका मळ्याचे प्लॉट पाडून आम्ही मास्तर, कारकून, पोस्टातले, बँकेतले अशा मंडळींनी तिथं सोसायटी काढली. मळ्याच्या अंगानं ओढा वाहत होता, आणि ओढा आणि आमची शेवटची घरं यांच्यामध्ये झाडीचा एक पट्टा शिल्लक होता. करंज, उंबर, निरगुडी, घाणेरी आणि खाली पाण्यालगत बोरूचं रान. नकाशात त्याला 'मोकळी जागा' म्हटलं होतं. प्रत्यक्षात तिथं पाय ठेवायलाही मोकळी जागा नव्हती. खंड्या होता, मुंगसाचं जोडपं होतं, एक लांबलचक धामण होती. सुगरणींनी आमच्या मागून सुरुवात करून आमच्या आधी घरं पुरी केली होती, आणि त्यांची गळतही नव्हती.

या सगळ्यांत माझा जीव जडला तो पाणकोंबडीवर. पाठीवर काळपट, पोटाशी पांढरीशुभ्र, आणि शेपटीचा तुकडा सारखा वर करत चिखलातून अशी बेतानं चालणार, की जणू नवं लुगडं भिजेल. माणसाची चाहूल लागली की बोरूत पसार. म्हणून तिला लाजरी पाणकोंबडी म्हणतात. त्या पावसाळ्यात बोरूच्या बुडख्यात तिनं घरटं केलं होतं. मी ते लांबून पाहिलं आणि सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटलो. पहिलं बाळंतपण असल्यासारखा.

आमचे अध्यक्ष बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. उघडी जमीन दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. झाडीच्या जागी सिमेंटचं कारंजं, चौकोनी हिरवळ आणि मधोमध हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी, असा त्यांचा बेत ठरलेला होता.

"सर, हा कचरा साफ करायला एक दिवस पुरे," ते म्हणाले. "बुलडोझर माझ्या ओळखीचा आहे."

अंडी आहेत, निदान पाऊसकाळ संपेपर्यंत थांबा, अशी मी गयावया केली. सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो, म्हणून त्यांनी मान राखला.

"थांबतो. पण त्या झुडपांपायी एक जरी तक्रार आली, तरी दुसऱ्या दिवशी बुलडोझर. मग तुमच्या कोंबडीनं आपलं बघावं."

तक्रार येऊ नये म्हणूनच मी बोर्ड लावायचं ठरवलं. ओढ्यापलीकडची माणसं झाडीत शिरत, सरपण नेत, गळ टाकून बसत. त्यांना कळायला हवं, की इथं कोणीतरी राहतंय. ज्या रंगाऱ्याला मी गाठलं, त्याच्या हातानं शहरातल्या निम्म्या खानावळींचे बोर्ड रंगले होते. ही त्याची लायकी समजून मी त्याला काम दिलं.

"सर, चित्र काढू का?"

"काढा की."

"बाण?"

"हो, बाण हवाच. ओढ्याकडे."

डांबरी रस्त्याच्या मोरीजवळ बोर्ड उभा राहिला. वर ठसठशीत अक्षरात 'लाजरी'. खाली त्याहून मोठ्या अक्षरात 'पाणकोंबडी'. त्याखाली 'राखीव', आणि सगळ्यात खाली बारीक 'शांतता राखा'. शेजारी तुरेवाली, गुबगुबीत, तांबडीलाल कोंबडी. ओढ्यावरच्या कोंबडीशी तिचं दूरचंही नातं नव्हतं, पण रंग ताजा होता. मला फार आवडली.

आता हे सगळं केव्हा, तर आखाडात. पुढं श्रावण, म्हणजे महिनाभर तोंडाला कुलूप. त्या आधीचा रविवार, त्यात पावसानं उघडीप दिलेली. अशा दिवशी कोल्हापुरात रस्त्यावर कोंबडीचं चित्र आणि बाण लावणारा माणूस एकतर हॉटेलवाला असतो, नाहीतर मी.

पहिलं आलं ते गडहिंग्लजचं बिऱ्हाड. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं, बगलेत गाठोडी. त्यांच्या म्होरक्यानं मला फाटकात उभं पाहिलं.

"ओ पावणं, लाजरी हॉटेल कंचं?"

"हॉटेल नाही हो. पक्षी आहे."

"व्हय की. पक्षीच खायाला आलोय. ताट हाय का नुस्ता रस्सा?"

"अहो, ती राखीव आहे!"

"आमच्यासंगं बायका हायती की! फॅमिलीला राखीव म्हंजी आमालाच."

त्यांच्यातली एक म्हातारी दमून माझ्या पायरीवर टेकली. "शिजूं दे सावकाश," ती मला समजुतीनं म्हणाली, "आमाला घाई न्हाय."

तिला पाणी दिलं, चहा दिला. शेवटी आत जाऊन बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "वरणभात आहे. बोर्डावर तेवढं लिहायचं राहिलं का?"

ते गेले तोवर दोघे सायकलवाले आले. मग एक टांगाच आला. मी घाईघाईनं खडूनं बोर्डाच्या तळाशी लिहिलं, 'येथे कोंबडी मिळत नाही.' त्यानंतर येणारे वाचून हळहळायला लागले. "संपली? एवढ्यात?" "फुडच्या रविवारी लवकर येतो, दोन ताटं ठेवा." एकानं तर माझ्या पाठीवर थाप मारली. "धंदा जोरात हाय, मालक!"

इतपत ठीक होतं. पण ओढ्याच्या पलीकडे एक तालीम होती, आणि बातमी पाण्यावरून तिकडे पोचली. दुपार कलताना तालमीतली पोरं कमरेएवढ्या पाण्यातून इकडे आली. त्यांचा वस्ताद काठावर उभा राहिला. त्याचे कान असे चुरगळलेले, की त्यांत माझा आवाज शिरेल की नाही अशी शंका यावी.

"मास्तर, राखीव म्हंजी कुणाला राखीव?"

"कुणालाच नाही. पक्ष्यांनाच."

"वड्यात आमी रोज आंघूळ करतोय. कोंबड्या हायत हे आमाला म्हाईत न्हाय, आन् तुमी काल येऊन बोर्ड लावताय? बंगलेवाल्यांस्नी राखीव आन् आमाला वास?"

"अहो वस्ताद, त्या खायच्या नाहीत!"

"मग बोर्डावर चित्र कशाला तसलं तोंडाला पाणी सुटंल असं?"

पोरं बोरूत घुसली. तांबड्या कोंबड्या शोधत होती बिचारी. मिळाल्या नाहीत. मिळाले ते घाणेरीचे ओरखडे, आणि धामण आडवी गेली तेव्हा त्यांतला सगळ्यात दांडगा गडी उंबरावर चढून बसला. ते परत गेले तेव्हा बोरूचं रान गादीसारखं लोळवलेलं होतं. पाणकोंबडीचा आवाज त्या संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरट्याकडे जायची माझी छाती होईना. मी बोर्ड उपटून न्हाणीघरात उभा केला. तिथं ती तांबडी कोंबडी रोज मला आंघोळ करताना बघत राहिली.

तक्रार आली नाही, तक्रारी आल्या. अध्यक्षांनी त्यांच्याच दिवाणखान्यात सभा बोलावली.

मी तयारी करून गेलो होतो. बेडूक डास खातात, धामण उंदीर खाते, झाडांच्या मुळांनी काठ धरून ठेवलाय, असं सगळं पोटतिडकीनं मांडलं. पोस्टातले एक सभासद जांभई आवरून म्हणाले, "सर, पक्षी बघायचेच तर पंचगंगेवर जावं माणसानं. घराला घर लागून कशाला पाहिजेत?" बँकेतल्यांना घसरगुंडी मुलांसाठी हवी होती. त्यांना मुलं नव्हती, पण आशा होती. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. झाडीच्या बाजूनं एकच हात वर गेला. तोही अर्धा.

इतक्यात चहाचा ट्रे घेऊन अध्यक्षांच्या मंडळी बाहेर आल्या. सोसायटीत त्यांना सगळे काकू म्हणत. ट्रे ठेवून त्यांनी नवऱ्याला विचारलं, "ही झाडी गेल्यावर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसणार हो?"

"कारंजं दिसेल. मोकळं, छान."

"आणि कारंज्याच्या पलीकडे?"

अध्यक्षांनी विचार केला. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं सिमेंट हळूहळू उखडायला लागलं. पलीकडे तालमीचा घाट. सकाळ-संध्याकाळ अंगाची तांबडी माती धुवायला तिथं तालमीतली सगळी पोरं उतरत, आणि प्रत्येकाच्या अंगावर कापड म्हणाल तर लंगोटापुरतं.

"ओळीनं सगळ्या घरांची स्वयंपाकघरं तिकडंच आहेत," काकू म्हणाल्या. "आम्ही काय, पोळ्या लाटताना बघू. आमची ना नाही. तुम्ही ठरवा."

आतल्या खोलीत बसलेल्या बायका खुसुखुसू हसल्या. बाहेरचे पुरुष हसले नाहीत. पुन्हा हात वर करायला सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी अध्यक्षांचा गेला. ठरावात मी 'निसर्गरक्षणासाठी झाडी कायम ठेवावी' असं लिहिलं. त्यांनी पहिला शब्द खोडून तिथं 'सभ्यतेसाठी' असं घातलं, वर झाडी आणखी दाट व्हावी म्हणून सोसायटीतर्फे करंजाची रोपं लावायची सूचना जोडली. बेडूक, धामण, खंड्या यांची माझी अख्खी फौज जिथं हरली तिथं एका लंगोटानं बाजी मारली. एवढं बळ माझ्या भाषणात कधीच आलं नाही.

झाडी वाचली, पण जिच्यासाठी हे सगळं केलं तिचा पत्ता नव्हता. अंडी फुटली असतील, ती कायमची गेली असेल, या विचारानं जेवण गोड लागेना. श्रावण लागला तरी मी रोज संध्याकाळी मागच्या गच्चीवर उभा. तिथून झाडीच्या शेंड्यांवरून ओढा दिसे. शाळेतल्या एका सहकाऱ्याची लष्करी दुर्बीणही मागून आणली होती. आणि एका संध्याकाळी लोळलेल्या बोरूच्या फटीतून ती बाहेर आली. शेपटी वर, पावलं बेतानं, आणि मागोमाग लोकरीच्या गुंड्यांसारखी इवली इवली काळी पिल्लं. एकेक करून ती पाण्यात उतरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुर्बीण डोळ्यांवरून न काढता मी घसा फोडून बायकोला हाक मारली, "अगं, लवकर ये! पिल्लं उतरली बघ पाण्यात! काय गोड दिसतात!"

झाडीच्या पलीकडून, घाटावरून वस्तादाचा आवाज आला.

"ओ मास्तर! पिल्लं न्हवं, पैलवान हायत ती. दुर्बीण खाली घ्या, न्हायतर लंगोट लावून हिकडं या!"