पट्टू सेक्शनमधले पाय

साडीच्या दुकानात काम केलेल्या आम्ही बायका कुठंही भेटलो, लग्नात, बसस्टँडवर, रेशनच्या रांगेत, की पाच मिनिटांत बोलणं पायांवर येतं. मुलंबाळं, सुना, सगळं नंतर. एकीनं टाच दुखते म्हटलं की दुसरीला काहीतरी आठवतं, आणि तिचं संपायच्या आत तिसरी सुरू होते. तंजावुरातल्या एका मोठ्या दुकानाच्या पट्टू सेक्शनमध्ये, म्हणजे रेशमी साड्यांच्या मजल्यावर, मी एकोणीस वर्षं उभी होते. ‘कामाला होते’ म्हणायला हवं, पण तोंडात ‘उभी होते’ असंच येतं.

आम्ही सहा जणी होतो. सकाळी साडेनवाला काउंटरमागं जायचं ते दुकान बंद होईपर्यंत. मधे अर्धा तास जेवण. पट्टू मंगल, म्हणून काउंटरच्या आत चपला नाहीत. आणि गिऱ्हाइकाला बसलेली मुलगी दिसता कामा नये.

*

पहिल्या दिवाळीच्या सीझनला तिसऱ्याच दिवशी माझे पाय चपलांत शिरेनात. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून दुकानापर्यंत मी त्या हातात धरून चालत गेले. आईनं आदल्या रात्री बादलीभर गार पाण्यात माझे पाय बुडवून ठेवले होते. “उभी राहून राहून पायांस काय झालें पाहा,” एवढंच ती म्हणाली. ती असं तंजावुरातलं जुनं मराठी बोलायची. मी मराठी घरात ठेवून यायचे आणि जिना चढताना तमिळ व्हायचे.

आमच्यात सगळ्यांत जुनी सेल्वी अक्का. ती पापनाशमहून रोज बसनं यायची, बहुतेक वेळा उभ्यानं. तिनं माझे पाय पाहिले आणि मला काउंटरच्या कोपऱ्यात घेतलं.

“कमला, दोन्ही पायांवर एकदम भार टाकू नकोस. आधी एक, मग दुसरा. आणि अधूनमधून टाचा उचल, चवड्यावर उभी राहा, परत खाली ये. पोटऱ्या हलल्या की रक्त वर चढतं.”

“सर बघतील ना, अक्का.”

“बघू देत. वरच्या खणातली साडी शोधतेय असं वाटेल.”

त्या सीझनमध्ये गणेशन सरांनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरनी, सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. नवीन मुलगी, पण स्टॉककडे लक्ष फार, म्हणाले.

*

बसायची एकच जागा होती, आतली स्टॉक रूम. तिथं साड्यांचे गठ्ठे असत. गिऱ्हाइकानं एखादा अवघड रंग मागितला की आमच्यातली एक म्हणायची, “आत असेल, आणते.” आत जाऊन दोन मिनिटं गठ्ठ्यावर बसायचं, पाय वर घ्यायचे, तळवे चोळायचे आणि बाहेर यायचं. साडी पुष्कळदा बाहेरच्याच कपाटात असायची.

एक म्हाताऱ्या मामी होत्या. दर लग्नाला आमच्याकडेच यायच्या. एकदा त्यांनी आंब्याच्या पानाचा हिरवा मागितला. तो माझ्या खांद्यामागंच होता. मी म्हटलं, “आत आहे मामी, आणते.” त्या माझ्या खांद्यामागच्या साडीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

“आण,” म्हणाल्या. “सावकाश शोध. मला घाई नाही.”

*

गणेशन सरांचा आम्हाला राग होता. कुणी काउंटरला टेकलं तरी ते बोटानं टकटक करायचे. स्वतः पॅसेजमध्ये काळे पॉलिश केलेले बूट घालून फिरायचे. पण दुपारनंतर त्यांचा चेहरा आंबल्यासारखा व्हायचा. तो आमच्यावरचा राग, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा मी जेवायला लवकर गेले, तर सर जिन्याखाली भिंतीला पाठ लावून उभे होते. बूट काढलेले, मोजे काढलेले, आणि पाय गार फरशीवर दाबून धरलेले. बोटं एकमेकांवर चढलेली, करंगळीला घट्टा. मला पाहून ते दचकले. मीच खाली मान घालून पुढे गेले.

पुढं त्यांनी एका डॉक्टरीणबाईंना पाय दाखवले. बाईंनी कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ काढली आणि त्याच्यावर बूट ठेवला. रेघ दोन्हीकडून बाहेर. लग्नात जो नंबर होता तोच सर पंचवीस वर्षं घेत होते. वयानं पाय पसरतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हे सगळं त्यांनी स्वतःच मला सांगितलं, एका दुपारी, दुकान रिकामं असताना. मग म्हणाले, “कमला, तुमचेही दुखत असतील, नाही?”

बारा वर्षांत तो प्रश्न पहिल्यांदा आला होता.

*

माझं मात्र नुसतं दुखणं राहिलं नव्हतं. तळवे जळायला लागले होते. कामावर कसंबसं निभावायचं, पण घरी येऊन आडवं झालं की अंगावरची चादरसुद्धा पायांना सोसायची नाही. प्रत्येकीकडे उपाय होता. एरंडेल चोळ. मरुदाणी, म्हणजे मेंदी, वाटून तळव्यांना लाव. मी ती लावली, आणि दुकानात बायका विचारायला लागल्या, घरात लग्न आहे का. गार वाटायचं खरं, तासभर. वर्ष असंच गेलं.

शेवटी सरच म्हणाले, बाईंकडे जा. बाईंनी माझ्या पायांकडे नीट पाहिलं आणि पुढं विचारलं ते भलतंच. “जेवता काय?”

सकाळी कॉफी. दुपारी डब्यातला भात, तोही घाईत. संध्याकाळी पुन्हा कॉफी. दूध कॉफीपुरतं, अंडं-मासे आमच्या घरात नाहीतच. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. बी-ट्वेल्व्ह अगदी कमी. इंजेक्शनं घेतली, मग गोळ्या. जळजळ एकदम गेली नाही, पण तीनचार महिन्यांत चादर सोसायला लागली.

मी आईला सांगितलं. तिनं माझ्या पायांना किती तेल चोळलं होतं. तिनं माझा पाय आपल्या मांडीवर घेतला. मग म्हणाली, “मज वाटलें, माझा हात नीट लागत नाही.”

*

सेल्वी अक्काचेही पाय जळायचे. तिला साखर होती. गोळी आठवली तर घ्यायची. मी तिला किती वेळा म्हटलं, बाईंकडे चल. ती म्हणायची, पोंगल होऊ दे, लग्नांचे मुहूर्त संपू देत.

एक दिवस ती हसत आली. पिशवीतून सगळ्यांना केळीचे वेफर्स वाटले.

“कशाबद्दल, अक्का?”

“पाय बरे झाले. आता काही जळत नाही. अगदी कापसावर उभी असल्यासारखं वाटतं.”

आम्हाला आनंद झाला. मलाही झाला. हे मी मुद्दाम सांगते.

दोनेक महिन्यांनी मुहूर्ताच्या गर्दीत एका बाईनं मला हळूच विचारलं, “ही डिझाइन आहे का?” क्रीम रंगाच्या साडीचा पदर काउंटरवरून आतल्या बाजूला खाली लोंबत होता, आणि त्याच्या टोकाला तांबडे ठिपके होते. मी वाकून पाहिलं. फरशीवर काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तसलेच ठिपके होते. सेल्वी अक्का त्यांच्यावरूनच चालत होती, साड्या उलगडत होती, गिऱ्हाइकाशी बोलत होती.

मी तिला स्टॉक रूममध्ये नेलं, गठ्ठ्यावर बसवलं आणि पाय उचलला. साडीची टाचणी होती. पूर्ण आत, फक्त डोकं बाहेर.

“काय आहे?” तिनं मला विचारलं.

जखम चिघळली. बाईंनी तिला मोठ्या इस्पितळात पाठवलं. दोन बोटं काढावी लागली, पाऊल वाचलं. बाई मला म्हणाल्या, “जळत होतं तेव्हा नस ओरडत होती. मग ती गप्प झाली. त्या गप्प होण्याला तुम्ही बरं होणं समजलात.” त्यानंतर मी रोज आंघोळ झाल्यावर आरसा खाली धरून तळवे बघते. आमच्यातल्या सगळ्याच बघतात.

सेल्वी अक्का कामावर परत आली नाही. तिच्या जागी एक नवीन मुलगी आली.

*

मधल्या काळात सरकारनं कायदा केला की दुकानातल्या माणसांना बसायला जागा द्यायची. आमच्या मजल्यावर सहा स्टुलं आली. त्यांच्यावरचं प्लास्टिक कुणी काढलं नाही. कुणी बसू नका असं म्हणालं नव्हतं. बसा असंही कुणी म्हणालं नव्हतं. ती काउंटरखाली तशीच राहिली.

मग एका सकाळी सेल्वी अक्का जिना चढून आली. पायांत इस्पितळातून मिळालेल्या मऊ रबरी तळाच्या चपला, एका हातानं कठडा धरलेला, मागं मुलगी. मुलीचं लग्न ठरलं होतं. अक्का गिऱ्हाईक म्हणून आली होती.

गणेशन सर धावत गेले. गिऱ्हाइकांच्या सोफ्याकडे हात करून म्हणाले, “बसा अम्मा.” इतक्या वर्षांत ते तिला पहिल्यांदाच अम्मा म्हणाले.

अक्का बसली नाही. तिनं काउंटरमागच्या आमच्याकडे पाहिलं, एकेकीकडे, आणि मग सरांकडे.

“ह्या बसू देत,” म्हणाली. “मग मी बसते.”

वरच्या मजल्यावर मालकांची खोली होती. सरांनी तिकडे एकदा पाहिलं. मग आमच्याकडे वळून मान डोलावली. मी वाकून स्टूल ओढलं. प्लास्टिक करकरलं. मी बसले. माझ्या शेजारची बसली, मग तिच्या शेजारची. सगळ्या बसल्यावर अक्का सोफ्यावर टेकली आणि तिनं पाय पुढे सोडले.

सर तेवढे मधे उभे राहिले. स्टुलं सहाच आली होती.

अक्कानं मुलीला पलीकडे सरकायला सांगितलं, शेजारची जागा हातानं झटकली आणि म्हणाली, “या, सर.”