रिकाम्या टाकीवरचा कंदील

झाकणाला चार बोल्ट होते. तीन काढून बाजूला ठेवलेले खालूनही दिसत होते. चौथ्यावर रामभाऊ तात्यांनी पाना लावला होता आणि त्यांच्या गुडघ्याशी पेटलेला कंदील होता. कंदिलाच्या कडीला दोरी बांधून तयार होती.

मी इंदापूरचं काम उरकून नुकताच बारामतीच्या डेपोच्या फाटकातून आत आलो होतो. अंगणात पेट्रोलची टँकर लॉरी उभी. टाकी रिकामी. त्या टाकीवर कंदील घेऊन बसलेला माणूस मी पाहिला. पण मी पळालो नाही, ओरडलोही नाही. ओरडलं की माणूस दचकतो, आणि दचकला की हातातलं सुटतं.

"तात्या," मी साध्या आवाजात म्हणालो, "हात जरा थांबवा."

"आरं, एकच ऱ्हायलाय. झालंच."

"च्या आलाय. गार हुतोय."

"च्या काय पळून चाललाय व्हय?"

पाना पुन्हा फिरला. गंजलेला बोल्ट करकरला. आता दुसरं काही सुचेना, तेव्हा मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट खोटं बोललो.

"तात्या, शेळगावचा मानूस आलाय. हिरीत गडी पडलाय. तुमास्नी बोलावलंय."

पाना तिथंच राहिला. साठी उलटलेले तात्या कंदील हातात घेऊन शिडीवरून झपाझप उतरले. "कवा पडला? पानी किती हाय हिरीला?" जमिनीला पाय लागायच्या आत त्यांचे दोन प्रश्न झाले होते.

मी त्यांच्या हातातला कंदील घेतला. वारा जिकडून येत होता तिकडं, फाटकाबाहेर, थेट कालव्याच्या भरावापर्यंत चालत नेला आणि तिथं फुंकर मारून विझवला. मागं तात्या विचारतच होते, "आरं पर शेळगावचा मानूस कुठं हाय?"

"कोन न्हाय आलं, तात्या. मी खोटं बोललो."

तात्यांनी हात उगारला. मारला नाही, पण मारला असता तर बरं झालं असतं. "हिरीच्या नावानं खोटी हाक? यशवंता, जहाजावर जाऊन ह्येच शिकून आलास?"

जहाजावर काय शिकलो ते आधी सांगतो, नाहीतर ही गोष्ट कळायची नाही. मी जळोचीचा. तेलवाहू जहाजावर सात वर्षं पंपमन होतो. पंपमन म्हणजे जहाजाच्या पोटातल्या टाक्यांमध्ये तेल भरायचं, उतरवायचं आणि टाक्या धुवायच्या, ह्या कामाचा माणूस. एकोणीसशे पन्नासच्या दशकात इकडं कालव्याच्या काठानं डिझेलची इंजिनं धडधडायला लागली, साखर कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहायला लागल्या आणि तेलाचा खप वाढला. तेल कंपनीनं बारामतीला डेपो काढला. मी समुद्र सोडून तिथं सुपरवायझर झालो.

जहाजावर पहिल्याच दिवशी आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. भरलेल्या टाकीला भिऊ नका, रिकाम्या टाकीला भ्या. पेट्रोल स्वतः फक्त वरच्या अंगाला जळतं. टाकी रिकामी झाली की तळाशी उरलेल्या तांब्याभर पेट्रोलची वाफ होते, ती हवेत मिसळते, आणि मग सगळी टाकी म्हणजे एक सुरुंग. बत्ती लागायचा अवकाश.

आता तात्यांचं. रामभाऊ तात्या वरकुट्याचे. विहिरी आणि आड उपसणं, गाळ काढणं हा त्यांचा धंदा. जुन्या आडाच्या तळाला विषारी हवा साचते, आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो. म्हणून आपल्याकडं आधी दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडतात. कंदील विझला, तर माणसानं उतरायचं नाही. जळत राहिला, तर उतरायचं. तात्यांनी हा नियम चाळीस वर्षं पाळला होता. त्यांच्या हाताखालचा एकही गडी आडात मेला नव्हता.

टँकरची टाकी साफ करायची होती, कारण तिच्यात पेट्रोल येत होतं आणि आता रॉकेल भरायचं होतं. रॉकेलमध्ये पेट्रोल राहिलं तर कुणाच्या तरी घरात चिमणीच्या दिव्याचा भडका उडणार. म्हणून सफाई हवी. पुण्याहून सफाईची माणसं यायला चार दिवस होते. मामलेदार कचेरीतून रॉकेलसाठी तगादा सुरू होता. मॅनेजरसाहेबांना चार दिवस थांबवेना. मी इंदापूरला गेलेला. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "टाकी साफ करायची आहे ना? मग गाळ काढणारा आण कुणीतरी." ड्रायव्हरनं तालुक्यातला सगळ्यात चांगला माणूस आणला. त्यात त्याची तरी काय चूक?

तात्यांना मी हे तोंडानं सांगून बघितलं. त्यांना पटेना. "हवा वंगाळ आसंल तर कंदील इझंल. आमी उतरनार न्हाय. त्यात भ्यायचं काय?"

मग मी त्यांना कालव्यापलीकडच्या पडीक रानात नेलं. रॉकेलचा रिकामा डबा घेतला. आत चमचाभर पेट्रोल टाकलं, तोंडावर फळी झाकली आणि थोडा वेळ उन्हात ठेवला. फळी काढून आम्ही बांधाच्या आड जाऊन आडवे झालो. लांब बांबूच्या टोकाला पेटता बोळा बांधून तो डब्याच्या तोंडाशी नेला. डबा फुटला. पत्रा बाभळीत जाऊन अडकला आणि आमच्या डोक्यावर माती आली.

तात्यांनी बाभळीतला पत्रा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "चमच्यानं ह्ये क्येलं?"

"व्हय."

"आन टाकीत किती हुतं?"

"तांब्याभर तरी."

ते खाली बसले. त्या वेळी डेपोच्या अंगणात ड्रायव्हर होता, ओसरीवर दोन कारकून होते, फाटकाशी रॉकेलसाठी ओळीनं डबे घेऊन बाया उभ्या होत्या. तात्यांनी सगळी माणसं बोटावर मोजली आणि मग स्वतःला मोजलं.

आता मला राग कशाचा आहे ते सांगतो. मी तडक मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेलो. ते चहा पीत होते.

"आग लागली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग एवढा आवाज कशाला चढवता, जाधव?"

मी म्हणालो, "साहेब, मी तीनदा लिहून गॅस मीटर मागितलं होतं. त्याचं काय झालं?" गॅस मीटर म्हणजे हातात मावणारी पेटी. रबरी नळी टाकीत सोडायची, फुगा दाबायचा, आतली हवा पेटणारी आहे की नाही ते काटा दाखवतो. टाकीसाठी हाच कंदील.

"आलं की. मागच्या महिन्यात."

त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली, कपाट उघडलं. पेटी आत होती. सुतळी तशीच, लाखेचं सीलसुद्धा तसंच.

"दिलं का नाही मला?"

"नाजूक वस्तू आहे. तुमच्या लोकांच्या हातात दिली तर चार दिवसांत मोडून ठेवतील. वर उत्तर मला द्यावं लागतं."

माझं डोकं सणकलं. आजही लिहिताना सणकतं. यंत्राला ओरखडा पडू नये म्हणून ते कुलपात, आणि म्हातारा माणूस पेट्रोलच्या टाकीवर कंदील घेऊन! कुणाची किंमत काय, हे त्या कपाटानं मला दाखवून दिलं.

साहेबांनी तोवर रिपोर्ट टाइप करून ठेवलेला होता. अडाणी मजुराच्या निष्काळजीपणामुळे धोका उद्भवला, त्यास कामावरून दूर केले आहे, वगैरे. "साक्षीदार म्हणून सही करा."

मी सही केली नाही. एक तर ते धादांत खोटं होतं. त्या दिवशी त्या डेपोत सुरक्षिततेचा नियम पाळणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच हे निष्काळजी म्हणत होते. त्याहून वाईट म्हणजे तो कागद पुण्याला गेला की विषय मिटला. दोष तात्यांबरोबर फाटकाबाहेर, मीटर परत कुलपात. पुढच्या वेळी दुसरा कुणी गाळ काढणारा येईल, स्वतःचा कंदील घेऊन. तेव्हा खाली मी असेनच असं नाही.

तेवढ्यात तात्या दारात येऊन उभे राहिले. साहेब त्यांच्यावर डाफरले, "तुला कोणी सांगितलं होतं रे कंदील न्यायला?"

"सांगाय कशाला लागतंय, सायेब? बिन दिव्याचं मी कुनाला आडात उतरू देत न्हाय."

"हे नियम दिसत नाहीत?" साहेबांनी खुर्चीमागच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं काचेच्या चौकटीत बारा नियम होते. सगळे इंग्रजीत. वाचायचे तर साहेबांच्या खोलीत येऊन, त्यांच्या खुर्चीमागं जाऊन वाचायचे.

"काय लिवलंय त्यात?" तात्यांनी विचारलं.

साहेबांनी मान वळवून पाहिलं. मला वाटतं त्यांनीही ते पहिल्यांदाच वाचलं. "टाकीजवळ उघडा दिवा आणू नये."

"मग माजा दिवा उघडा कुठं हुता? काच हुती की त्याला."

तात्या टिंगल करत नव्हते. ते खरंच विचारत होते. मुंबईत बसून नियम लिहिणाऱ्याला वरकुट्याचा कंदील ठाऊक नव्हता आणि बारामतीत बसलेल्यानं त्याला कधी कळवलं नव्हतं.

मी म्हणालो, "साहेब, सही करतो. पण खाली माझ्या अक्षरात दोन ओळी लिहीन. मीटर महिनाभर सीलबंद कपाटात होतं, एवढंच."

साहेबांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवली. मग कागद फाडला आणि पेटी माझ्यापुढं सरकवली. "सांभाळून वापरा. आणि हे प्रकरण इथंच संपलं."

मी पेटी घेतली. गप्प राहायच्या अटीवर घेतली, हे मान्य करतो. तेव्हा मला पेटी महत्त्वाची वाटली.

मग टाकी जहाजावर करतात तशी साफ केली. कालव्याचं पाणी आणून ती काठोकाठ भरली, म्हणजे आतली वाफ बाहेर निघते. ते पाणी लांबच्या खड्ड्यात सोडलं आणि परत भरली. नंतर जहाजावर शिडाच्या कापडाची नळी करून वारा टाकीत सोडतात, तशी आम्ही ताडपत्रीची शिवली. त्या नळीनं दोन दिवस वारा खेळवला. तिसऱ्या दिवशी काटा शून्यावर आला. तात्या कमरेला दोरी बांधून आत उतरले. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात.

"वरच्या मानसानं जागा सोडायची न्हाय," आतून आवाज आला. "कुनी हाक मारली तरी."

"जहाजावर पन ह्योच नियम हाय, तात्या."

"आसंल. शानी मानसं सगळीकडं आसत्यात."

रॉकेल तीन दिवस उशिरा मिळालं. मामलेदार कचेरीतून दोन चिठ्ठ्या आल्या, बाकी काही झालं नाही.

त्यानंतर मी पेंटर बोलावला. सूचनेची पाटी भिंतीवर लावायची नाही हे ठरलेलं होतं. पाना धरलेला हात जिथं जातो तिथं, झाकणावरच, लाल रंगात मजकूर लिहून घेतला. मजकूर तात्यांनी सांगितला. "टाकी म्हंजी हीर न्हाय. कंदील आनू नगा. आदी काटा बगा." शेजारी कंदिलाचं चित्र आणि त्यावर फुली. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी ती फुली.

साहेबांनी ते वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कंपनीच्या गाडीवर ही भाषा? शुद्ध मराठी तरी लिहा."

"शुद्ध मराठी बोलणारा माणूस टाकीत उतरत नाही, साहेब," मी म्हणालो. मजकूर तसाच राहिला.

वर्ष संपलं आणि डेपोला पुण्याहून प्रशस्तिपत्र आलं. वर्षभरात एकही अपघात नाही, धोक्याचा एकही प्रसंग नोंदला गेलेला नाही, याबद्दल मॅनेजरांचं अभिनंदन. ते बारा नियमांच्या शेजारी, तशाच चौकटीत लागलं. मला ते बघवत नसे. प्रसंग नोंदला गेला नाही हे खरंच होतं. तो कागद फाडला होता, आणि फाडू मीच दिला होता.

तात्या आता आमच्याकडं नेहमी टाकीच्या कामाला येत. एकदा खिडकीतून त्यांना ती नवी चौकट दिसली.

"ह्ये कशाचं रं?"

"अपघात झाला न्हाय म्हनून कंपनीनं दिलंय."

"कुनाचं नाव हाय त्याच्यावर?"

"साहेबांचं."

तात्यांनी जरा विचार केला. "बराबर हाय," ते म्हणाले. "आपन दोघांनी कायतरी क्येलं. तेंनी कायबी क्येलं न्हाय." मग त्यांनी कमरेला दोरी बांधली, तिचं टोक माझ्या हातात दिलं आणि झाकणाजवळ बसून म्हणाले, "आता आन बगू तुजा काटा."