दत्ताचा पावसाळी पडताळा

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोखर्णीला होतो. नृसिंहाचं दर्शन आटोपलं होतं, घरची मंडळी प्रसादात गुंतली होती आणि मी माझ्या चपला शोधत होतो. फोन सुरेखाचा. दत्ताच्या हाताखाली पीएच.डी. केलेली, आमच्याच कॉलेजात शिकवणारी. "सर, दत्ता सर वारले. गंगाखेडला, घरीच... हार्ट अटॅक." खरं सांगायचं तर मला आधी राग आला. आदल्याच दिवशी माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी फस्त करून "सोमवारी जरा जास्त आण" म्हणणारा माणूस असा जातो का? आता काही आठवडे झाले. राग उतरलाय, पण स्टाफरूममध्ये डबा उघडवत नाही.

तो रसायनशास्त्राचा, मी भौतिकशास्त्राचा. गंगाखेडहून रेल्वेनं परभणीला यायचा आणि गाडी लेट झाली की खापर माझ्या विषयावर फोडायचा. त्याचा स्वतःचा विषय म्हणजे पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक. उद्याचे टीव्हीचे पडदे आणि दिवे यांतून होतील म्हणतात. बाटलीत ते पिवळट पाण्यासारखे दिसतात, पण जांभळा टॉर्च मारला की हिरवेगार पेटतात. ते बनवणं तितकं अवघड नाही, खरी मेख धुण्यात आहे. तेलकट रसायनांत जन्मतात, म्हणून त्यांवर दुसरं द्रावक ओतायचं, यंत्रात गरगरा फिरवून खाली बसवायचं आणि वरचा तेलकट द्रव फेकून द्यायचा. तेल मागं राहिलं तर दिव्यात वीज नीट खेळत नाही. फार धुतलं तर स्फटिकाच्या अंगावरचं स्निग्ध आवरणच निघून जातं आणि उजेड मरतो. दत्ता वर्गात सांगायचा, "काठाचं लुगडं सोड्यात उकळायचं नसतं, बाबांनो." अ‍ॅसिटोनसारखं जहाल द्रावक म्हणजे त्याच्या लेखी तो सोडा. तो आणि सुरेखा सौम्य द्रावक शोधत होते, आणि इथाइल अ‍ॅसिटेट त्यांना पावलं. दोनदा धुतलं तरी उजेड तसाच. सुरेखाच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण त्यावरच उभं होतं.

सुरेखा राणीसावरगावची, शेतकऱ्याची मुलगी. तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे पुढच्या वर्षी नाव राहील की नाही याची दर वर्षी धास्ती. तिचा प्रबंध लिहून झाला त्याच वर्षी कायम जागेची जाहिरात निघाली होती आणि अर्जाला पीएच.डी. हवी होती. प्रबंध बांधायला टाकायचा, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात दत्ताला हुक्की आली, तोंडी परीक्षेत दाखवायला एक ताजी बाटली करू या. श्रावण होता, बाहेर झड लागलेली. धुऊन झाल्यावर टॉर्च मारला, तर नुसती मिणमिण. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सुरेखानं यंत्राला दोष दिला, मी विजेला. दत्ता हात पुसायला टॉवेलकडं गेला आणि तिथंच थांबला.

"अरे, हा परवापासून ओलाच हाय," तो म्हणाला.

मला काही कळलं नाही. त्याला सगळं कळलं होतं. आमची प्रयोगशाळा पोरांच्या प्रॅक्टिकलमधून मोकळी होते ती फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्यामुळं संशोधनाची सगळी मोजमापं मे महिन्यातली, आणि परभणीच्या मे महिन्यात हवेत ओल औषधालाही सापडत नाही. मोठ्या संस्थांत या कामासाठी कोरड्या हवेच्या बंद पेट्या असतात. आम्हाला ती कोरडी हवा उन्हाळ्यानं फुकटात दिली होती आणि आम्ही सगळं श्रेय द्रावकाला देऊन बसलो होतो. पावसाळ्यात बाटलीचं बूच उघडलं की द्रावक हवेतलं पाणी ओढून घ्यायचं. पाणी तर या स्फटिकांचं वैरीच.

दत्तानं प्रबंध थांबवला.

"सर, आकडे तर खरे हायत ना? मग कशाला थांबवायलात?" सुरेखाचा आवाज चढला होता. त्याच्यासमोर तो कधी चढत नसे.

"आकडे खरे हायत. कारण सांगायलोत ते खरं न्हाई."

"जागा जाईल माझी."

"जाईल," दत्ता म्हणाला.

मी मध्ये पडलो. म्हटलं, एक तळटीप टाक, हे सगळं उन्हाळ्यात केलंय म्हणून, आणि मोकळा हो. तो माझ्यावरच डाफरला. "आन् उद्या दुसरीकडं कुणाला हे जमलं न्हाई, तर खोटी कोण ठरंल? वर नाव तिचं हाय." मी तेव्हा सुरेखाच्या बाजूनं होतो, आणि निम्मा अजूनही आहे.

तिनं पावसाळाभर आणि पुढं हिवाळ्यातही, पोरांची प्रॅक्टिकल संपल्यावर संध्याकाळी, सगळं नव्यानं केलं. कामापुरतं सोडून त्याच्याशी बोलली नाही. द्रावकात पाणी शोषणारे खडे टाकून ते आधी कोरडं केलं, तेव्हा कुठं भर पावसात बाटली पेटली. नवं प्रकरण आधीच्यापेक्षा किती तरी सकस झालं आणि पदवी मिळाली. तोवर जागा भरली गेली होती. सुरेखा आजही तासिका तत्त्वावरच आहे. दत्ताला हे फार लागलं होतं. "माझ्यापायी पोरीची जागा गेली," असं तो चहा पिता पिता एकदम म्हणायचा.

गेल्या आठवड्यात त्याचं कपाट आवरायला गेलो. सुट्टी लागलेली, कॉलेज ओस, आणि प्रयोगशाळेत सुरेखा एकटीच काम करत होती. कपाटात बाटल्यांच्या रांगा. प्रत्येकीवर दत्ताच्या तिरक्या अक्षरात नाव, द्रावक, तारीख, आणि सगळ्यांत खाली उन्हाळा, हिवाळा किंवा पावसाळा. एकेक बाटली पुसून मी खोक्यात ठेवत गेलो.

थोड्या वेळानं धीर करून सुरेखाला विचारलं, "दत्तावरचा राग गेला का गं?"

"न्हाई सर," ती लगेच म्हणाली. "कसा जाईल? रोज इथं आले की आठवतं."

मग तिनं हातातल्या बाटलीवर टॉर्च मारला. द्रावक नवं होतं, मिथाइल अ‍ॅसिटेट. असा हिरवा मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता. तिचा चेहराही उजळला.

"लय भारी आलंय की!" मी म्हटलं. "छापायला पाठवून दे. पुढच्या जाहिरातीला कामी येईल."

तिनं टॉर्च बंद केला, चिठ्ठी चिकटवली आणि नाव, द्रावक, तारीख लिहून त्याखाली 'उन्हाळा' असं लिहिलं.

"आत्ताच न्हाई सर," ती म्हणाली. "श्रावणात करून बघते आधी."