मेव्हिस गोकीचा पहिला घास

मेव्हिस गोकीचा हात पहिल्यापासून भारी. सॉ-मिलमध्ये ओल्या फळ्या उचलून उचलून तिचे पंजे पुरुषाला लाजवतील असे झाले होते, आणि ती ते फक्त फळ्यांसाठीच वापरते असं गावात कुणी छातीठोक सांगितलं नसतं. गुत्त्यात एका ट्रकवाल्यानं तिच्या कमरेला हात लावला, तर त्याचं नाक कायमचं बसलं. नवऱ्याला, ऑर्व्हिलला, तिनं घराबाहेर काढलं ते वल्ह्यानं, गळ्याखालचं हाड मोडून. ते वाकडं सांधलेलं हाड ऑर्व्हिल लोकांना चाचपून बघायला द्यायचा. "लग्नाची खूण हाय," म्हणायचा.

तिचा आवाज खाली यायचा तो एकाच माणसापुढं, धाकट्या भावापुढं. डेल्मर तिच्या निम्म्या अंगाचा आणि तिच्या दुप्पट शांत. टॅमरॅक तळ्यावरचा बर्फ फुटला की दोघं होडी काढायची. तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ निरभ्र दिवशीच दिसावा. ती मागं मोटारीवर, तो पुढं उभा, डोक्याला दिवा, हातात पाच फाळांचा भाला. अंडी घालायला ओगा मासे काठाच्या गोट्यांवर येतात, आणि दिव्याचा झोत पडला की पाण्याखाली त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात. डेल्मर बोलायचा नाही. नुसता एक खांदा हलवायचा, आणि मेव्हिस तिकडं होडी वळवायची.

जानेवारीत ओंडक्यांच्या ट्रकची साखळी तुटली आणि डेल्मर खाली सापडला. ओळख पटवायला मेव्हिस गेली. बुटांवरून ओळखलं.

अमेरिकेतल्या ओजिब्वे आदिवासींच्या घरात सुतक वर्षभर चालतं. ऋतूचं जे जे नवं येईल ते सुतकातल्या माणसानं आपल्या हातानं घ्यायचं नाही, शिवायचं नाही, चाखायचं नाही. बाहेरच्या कुणीतरी आणून पहिला घास भरवायचा, मग ती वस्तू त्याला मोकळी होते. मेपलची साखर शेजारणीनं भरवली. आता ओगा यायचा होता. ओगाचं जरा अवघड होतं. जो भरवणार त्यानंच तो मारलेला पाहिजे, आणि तो मेलेल्याच्या होडीत उभा राहिलेला माणूस पाहिजे, असं जोसेट आत्या म्हणाली. हंगाम टळला तर वर्षभर मेव्हिसला मासा शिवता येणार नव्हता, आणि तोवर डेल्मर परलोकाच्या वाटेतच खोळंबून राहणार होता.

"डेल्मरच्या होडीत माझ्याबिगर कोण उभं ऱ्हायलंय?" मेव्हिसनं विचारलं.

आत्या बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "तुला ठावं हाय कोण."

"त्यो? आख्ख्या रिझर्व्हेशनच्या वस्तीत त्योच उरलाय व्हय? आत्या, त्याच्या हातचं मी पाणीबी पिणार न्हाई."

"पाणी पी म्हणतंय कोण? मासा खा म्हणत्ये."

ऑर्व्हिल आला तो दारातच थांबला. केसांची लांब वेणी, तोंडात काडी. "वल्हं कुठं ठिवलंय ते आदी दावा. मग आत येतो."

"मुडद्या, भावासाठी बोलीवलंय तुला. तुज्यासाठी न्हाई."

"त्ये कळलं की." काडी त्यानं तोंडातून काढली. "त्याच्यासाठीच आलोय."

आत्यानं सुरी मेव्हिसवर रोखून सांगितलं, "तू नुसती मोटार धरायची. भाल्याला हात न्हाई, माशाला हात न्हाई. कायबी झालं तरी. काय?"

"काय झालं तरी," मेव्हिस म्हणाली.

काय होणार ते तिघांनाही माहीत होतं. भाल्यानं मासे मारायचा जुन्या करारातला हक्क कोर्टानं मान्य केल्यापासून दर वसंतात तो हाणून पाडायला धक्क्यावर गोऱ्यांची गर्दी जमायची. त्या संध्याकाळी तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पार जंगलापर्यंत गाड्या लागल्या होत्या. बिअरची खोकी, भोंगे, काठीला लटकवलेली एक वेणीवाली बाहुली, गळ्यात फास. शेरीफच्या शिपायांनी दोर धरून चिंचोळी वाट ठेवली होती. त्या वाटेनं ऑर्व्हिल मागं होडी जोडलेला ट्रक उलटा घेत पाण्याकडं निघाला, आणि पहिला दगड टपावर पडला.

"परत जा! जिथून आलात तिथं परत जा!"

ऑर्व्हिलनं काच खाली केली. "कुठं परत जाऊ, दादा? हितनंच तर आलोय!"

खिडकीतून बाटली आली. ती त्याच्या कानाला चाटून गेली आणि मेव्हिसच्या गुडघ्यावर फुटली.

"लई विनोद करतुयास," मेव्हिस काचा झटकत म्हणाली.

"बायको बाजूला असली की सुचतंय."

"बायको म्हणू नगंस."

खाली उतरल्यावर तिच्या तोंडावर कुणीतरी थुंकलं. पोरगेलासा चेहरा, गालावर मुरुमं. तिची मूठ आपोआप वळली. दोराच्या आत पेटवलेल्या शेकोटीजवळून आत्यानं नुसतं "मेव्हिस" म्हटलं. तिनं मूठ उलगडली, त्याच हातानं तोंड पुसलं आणि होडी ढकलली. जोसेट आत्या तवा आणि चरबीचा डबा घेऊनच आली होती. मासा घरी नेईपर्यंत या लोकांच्यातून तो टिकेल याचा तिला भरवसा नव्हता.

ऑर्व्हिलनं तळ्याला नैवेद्य म्हणून पाण्यात चिमूटभर तंबाखू सोडली. मोटार सुरू झाली. अंधार पुरता पडला होता, आणि पाण्यावरून येणारा गारवा दातांत शिरत होता. काठावरून गलोलीतून बेअरिंगच्या गोळ्या सुटू लागल्या. एक होडीच्या पत्र्यावर ठणकन आपटली. दुसरी मेव्हिसच्या दंडात बसली आणि हात खांद्यापर्यंत मुंग्यांनी भरून गेला. तिनं मोटारीचा दांडा दुसऱ्या हातात घेतला.

ऑर्व्हिल खांदा हलवणारातला नव्हता. तो बोलायचा. "डावीकडं. आणिक. आगं डावीकडं म्हणतोय, तुजं डावं न्हाई, माजं!"

"आपलं दोघांचं डावं येकच हाय, गाढवा. तोंड येकीकडंच हाय आपलं!"

"कदी नव्हं ते."

मग त्यानं भाला पेलला. झोताच्या टोकाला गोट्यांवर दोन निखारे पेटले होते. भाला पाण्यात गेला, आला, आणि फाळांवर सोनेरी पाठीचा ओगा वळवळत होता. ऑर्व्हिलनं तो टबात झटकला. एक बस होता. एकच पाहिजे होता.

"फीर," ऑर्व्हिल म्हणाला. "चल, भाजू."

ती होडी वळवते तोच अंधारातून दिवे न लावता दुसरी होडी आली. मोठी, जड, भरधाव. ती थेट त्यांच्या कुशीवर आदळली. ऑर्व्हिलचा पाय सुटला, तो दोन्ही होड्यांच्या मधे पाण्यात गेला आणि भाला निसटून मेव्हिसच्या मांड्यांवर आडवा पडला. टब कलंडला. मासा होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात फडफडू लागला.

नारिंगी जाकीट घातलेला एक धिप्पाड माणूस त्या होडीवरून वाकला. मेव्हिसला वाटलं, हा हात देतोय. त्यानं ऑर्व्हिलची वेणी मुठीला गुंडाळली आणि डोकं पाण्याखाली दाबलं.

"पी!" तो ओरडत होता. "तुझं तळं ना? पी मग!"

वर बुडबुडे आले. ऑर्व्हिलचा एक हात पत्र्यावर खरवडत होता. भाल्याचे पाच फाळ त्या माणसाच्या पोटापासून हातभर अंतरावर होते, दांडा मेव्हिसच्या मांडीवर. नुसता रेटा द्यायचा होता. तिच्या पंज्याला त्या दांड्याचं वजन ठाऊक होतं, डेल्मरनं तो तिच्यासमोर तासला होता. पंजा उचललासुद्धा गेला. पण शिवलं असतं तर घास बाद झाला असता, डेल्मर अडकला असता. तिनं मांडी झटकून भाला दूर लोटला. त्या माणसाला जीवदान मिळालं ते मेलेल्या डेल्मरकडून. त्याला ते आजतागायत माहीत नाही.

तिनं वल्हं उचललं.

पहिला तडाखा कोपरावर बसला. हाड वाजलं. तो किंचाळला, पण वेणी मुठीला गुंडाळलेली, सुटेना. दुसरा तोंडावर. दात पाण्यात पडल्याचा बारीक आवाज आला. तरी मूठ तशीच, म्हणून मेव्हिस पुढं झेपावली आणि त्याच्या मनगटात दात रुतवले. ओरडणं तिच्या कवटीत घुमत होतं, तोंडात खारट रक्त भरत होतं, आणि ती चावतच राहिली. मूठ उघडली. ऑर्व्हिल वर आला, खोकत, ओकत. तिनं त्याला पट्ट्याला धरून आत ओढला आणि राहवलं नाही म्हणून त्या माणसाच्या छातीत वल्ह्याचं टोक खुपसून त्याला त्याच्याच होडीत उताणा पाडला.

तेवढ्यात होडी कलली. आतलं पाणी एका अंगाला धावलं आणि त्याबरोबर मासा होडीच्या काठावर चढला. आणखी एक फडफड, की तळ्यात. तिचे दोन्ही हात पुढं गेले आणि हवेतच थांबले. तिनं बूट आडवा घातला. मासा बुटावर आपटून खाली पडला.

"उचल त्याला!" ती ऑर्व्हिलच्या अंगावर ओरडली. "ओक नंतर! आदी मासा उचल!"

धक्क्याला लागले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. गर्दीनं दोर तोडला होता. ऑर्व्हिल मासा पोटाशी धरून, वाकून, दगड पाठीवर घेत शेकोटीकडं पळाला. मेव्हिस त्याच्या मागं चालली. पळणं तिला जमायचं नाही. एक दगड तिच्या भुवईवर बसला, आणि रक्तानं डावा डोळा मिटला. मग शेरीफच्या शिपायानं तिला धरलं. तरुण, घाबरलेला. त्यानं तिचे हात मागं ओढून बेड्या घातल्या.

"बाई, तुम्ही एका माणसाचा हात मोडलाय."

"त्यो दुसऱ्याला बुडवीत हुता."

"ते कोर्टात सांगा. चला गाडीत."

पण गाडीपर्यंत जायला वाट नव्हती. गाडीच्या चारी बाजूंनी माणसं उभी होती आणि टायर कापलेले होते. वायरलेसवर ओरडत शिपाई तिथंच थांबला, शेकोटीशेजारी, एका हातानं मेव्हिसचा दंड धरून.

आत्यानं मासा हातात घेण्याआधी भाचीकडं पाहिलं. "शिवलीस?"

"बूट लागला."

आत्यानं विचार केला. मागं कुणीतरी भोंग्यातून शिव्या देत होतं. "बुटाचं चालतंय," ती म्हणाली. "भाला?"

"मांडीवर पडला. हात न्हाई लावला."

"तोंडाला रगत कुणाचं?"

"गोऱ्याचं."

"थुक त्ये. चूळ भर."

ऑर्व्हिलनं तिच्या तोंडाला बाटली लावली. तिनं चूळ भरली. त्याच्या हातचं पाणी होतं, आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं. त्यानं बाटलीचं बूच लावलं.

वस्तीतल्या दोन बायका आत्याच्या अंगावर घोंगडी धरून उभ्या राहिल्या. दगड घोंगडीवर धप् धप् पडत होते. आत्यानं मासा चिरला, चरबीत टाकला, उलटला. शिपाई म्हणाला, "हे काय चाललंय?"

"सैपाक," आत्या म्हणाली. "जरा सरक, धूर येतोय तुज्या अंगावर."

ऑर्व्हिलनं तुकडा बोटांत घेतला. त्याचे ओठ निळे पडले होते. रिवाज असा की घास तीनदा तोंडाशी नेऊन मागं घ्यायचा, चौथ्यांदा द्यायचा. सुतकातल्या माणसानं घाई करायची नसते. त्यानं घास पुढं नेला, मागं घेतला.

"निघायचंय!" शिपाई ओरडला. दुसरी गाडी माणसं बाजूला सारत आली होती. "चला!" त्यानं दंडाला हिसका दिला.

मेव्हिसनं पाय रोवले. सॉ-मिलच्या फळ्यांनी घडवलेले ते पाय एका पोरसवदा शिपायाच्यानं हलणारे नव्हते. ऑर्व्हिलनं दुसऱ्यांदा नेला, मागं घेतला. गलोलीची एक गोळी त्याच्या कानशिलाला लागली. तो गुडघ्यावर आला, पण बोटं वरच होती. तसाच, गुडघ्यावरून, त्यानं तिसऱ्यांदा हात उंचावला आणि मागं घेतला.

"डेल्मर, जा रं आता," आत्या ज्वाळेकडं बघत म्हणाली.

चौथ्यांदा मेव्हिसनं वाकून तोंड उघडलं. घास गरम होता, जीभ पोळली. चरबी, धूर आणि तळ्याची चव. ती चावत राहिली, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागली.

"आणिक," ती म्हणाली.

ऑर्व्हिल रडत होता की कानशिलातून ओघळ येत होते, अंधारात कळत नव्हतं. त्यानं आणखी एक मोठा तुकडा तिच्या तोंडात कोंबला, आणि दुसरा शिपाई आला, दोघांनी तिला उचलूनच गाडीत घातलं. टपावर दगडांची गारपीट सुरू होती. मागची काच तडकली. गाडी माणसांना ढकलत हळूहळू रस्त्याला लागली.

पुढच्या जाळीआडून शिपायानं विचारलं, "नाव?"

मेव्हिसनं जिभेनं गाल चाचपला.

"नाव सांगा, बाई. नाव सांगायला काय जातंय?"

दुसऱ्या तुकड्यातला काटा तिच्या गालात राहिला होता. ओगाचा काटा तळ्यातच परत जायचा असतो, कुठंही थुंकायचा नसतो. जिभेनं तो तिनं दाढेमागं सरकवला, ओठ घट्ट मिटले आणि खिडकीबाहेर मागं पडणाऱ्या पाण्याकडं बघत बसली. न बोलल्याबद्दल तिच्यावर आणखी एक गुन्हा लागला म्हणतात. तिला सोडवून आणलं त्या दिवशी ती घरी गेलीच नाही. आधी ऑर्व्हिलला खुणेनंच ट्रक तळ्याकडं घ्यायला लावला, काटा पाण्यात सोडला, आणि तोवर ती त्याच्याशीही एक शब्द बोलली नव्हती.